आजीवन खोलीचं वचन आणि सही घेतलेला कागद

एका आध्यात्मिक संस्थेने माझ्याकडून आणि माझ्या पतींकडून ज्या कागदावर सह्या घेतल्या, त्यावर खोलीचा उल्लेख कुठेच नव्हता. वर ठळक अक्षरांत ‘स्वेच्छा समर्पणपत्र’ आणि खाली मजकूर एवढाच, की ही रक्कम आम्ही राजीखुशीने, कसलीही अपेक्षा न ठेवता देत आहोत आणि ती परत मागणार नाही. तोंडी मात्र कित्येक महिने वेगळंच सांगितलं जात होतं. एकदा रक्कम भरली, की मुख्यालयात मरेपर्यंत हक्काची खोली, दोन वेळचं जेवण आणि आजारपणात सेवा. त्यांच्या रंगीत पुस्तिकेतही हेच छापलेलं होतं. म्हातारपणी आपलं कोण करणार, या काळजीत असलेल्या माणसांना नेमकं हेच वचन दिलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे संस्थेचं नाव लिहीत नाही. पण ही पद्धत एकाच संस्थेची नाही.

मुख्यालय वस्तीपासून लांब, डोंगरात आहे. पहिल्या काही भेटींत कुणी पैशाचं नावही काढलं नाही. न्यायला संस्थेची गाडी, सोडायलाही संस्थेचीच गाडी. पाहुणे असतो तोवर ही सोय वाटते. राहायला गेल्यावर लक्षात येतं, की जाण्यायेण्याचं दुसरं साधनच नाही. ओळखपत्रं, बँकेची पुस्तकं ‘सुरक्षित राहावीत’ म्हणून कार्यालयातल्या कपाटात जातात. फाटकाबाहेर पडायला विभागप्रमुखांची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी मागितली की आधी तासभर समजूत घातली जाते. आडरानात मुख्यालय थाटण्यामागे साधनेला लागणारी शांतता हे कारण असेलही, पण आत आलेल्याला निघून जाणं अवघड व्हावं, हे त्याहून मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

बाहेर पडल्यावर मी अशा जागांबद्दल मिळेल ते वाचलं. ‘पीपल्स टेंपल’ या अमेरिकी पंथाने दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात शेती प्रकल्प म्हणून जोन्सटाउन वसवलं. तिथे पोहोचलेल्यांचे पासपोर्ट काढून घेतले जात, वृद्धांच्या सरकारी निवृत्तिवेतनाचे धनादेश संस्थेकडे जात, पत्रं तपासली जात. १८ नोव्हेंबर १९७८ या एका दिवसात नऊशेहून अधिक माणसं मरण पावली, त्यांत जवळजवळ एकतृतीयांश मुलं. आमच्या इथे असं काही घडलेलं नाही, आणि प्रत्येक आश्रम तसा नसतो हे मलाही मान्य आहे. तरीही कपाटात ठेवून घेतलेलं ओळखपत्र ही साधी गोष्ट आहे, असं मला आता कुणी पटवू शकणार नाही.

आता खोलीबद्दल. आम्हाला दाखवलेली खोली पूर्वेकडची, खिडकीतून दरी दिसणारी. पैसे भरल्यावर ‘रंगकाम चालू आहे’ म्हणून तात्पुरतं सामायिक दालनात ठेवलं. रंगकाम संपलंच नाही. दर शिबिराला नवी जोडपी यायची आणि त्यांना तीच खोली दाखवली जायची. आत आमचीच चादर अंथरलेली असे, कारण ‘आपल्या खोलीसाठी’ ती आम्हीच दिली होती. पुढे बाहेर आल्यावर इतर कुटुंबं भेटली, तेव्हा कळलं की त्याच क्रमांकाच्या खोलीचं वचन आणखी चार-पाच घरांना दिलेलं होतं. पुस्तिका सगळ्यांकडे एकच आणि समर्पणपत्रही शब्दन्‌शब्द एकच. हे कळलं तेव्हा मला पैशापेक्षा त्या चादरीचा संताप जास्त आला.

यानंतरचा कागद होता कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. ‘घराच्या कटकटीसाठी सारखं ये-जा करू नका, साधना मोडते,’ असं म्हणून ते करून घेतलं गेलं. त्या अधिकारात घर विकलं गेलं ते त्यांच्याच वर्तुळातल्या माणसाला, चालू भावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत, आणि रक्कम परस्पर संस्थेच्या खात्यात वळती झाली. पाठोपाठ ध्यानमंदिराच्या बांधकामासाठी माझ्या पतींच्या नावावर कर्ज काढायला लावलं. हप्ते संस्था भरणार होती. काही हप्ते भरलेही गेले, मग थांबले. वसुलीची नोटीस आली ती आमच्या नावावर, आणि कर्जाच्या कागदांत संस्थेचा उल्लेखही नव्हता.

घर विकायला लावणं आणि कर्ज काढायला लावणं, या दोन गोष्टींवर जपानने डिसेंबर २०२२ मध्ये थेट कायदाच केला. देणगीसाठी राहतं घर विका किंवा कर्ज काढा, अशी मागणी संस्थांनी करायची नाही. त्यामागे ‘युनिफिकेशन चर्च’ या पंथाला दिलेल्या देणग्यांनी उद्ध्वस्त झालेल्या घरांची अनेक वर्षांची तक्रार होती. दक्षिण कोरियातल्या गाप्योंगच्या डोंगराळ भागात या पंथाचं भव्य मुख्यालय आहे, आणि पूर्वजांच्या मुक्तीच्या नावाखाली जपानी अनुयायांकडून तिथल्या विधींसाठी मोठमोठ्या रकमा घेतल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जपानमधली ही धार्मिक संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. जिथे असा कायदा नाही, तिथे ‘तुम्ही स्वखुशीने दिलंत’ एवढ्या एका वाक्यावर तक्रार अडते. आमचीही पहिल्यांदा तिथेच अडली.

जमिनीची नोंद पाहायचं आम्हाला तिथल्या एका शेजारी शेतकऱ्याने सुचवलं. सरकारी दप्तरात मुख्यालयाची जमीन संस्थेच्या नावावर नव्हतीच. काही भाग दोन-तीन व्यक्तींच्या खासगी नावावर, बाकी भाडेपट्ट्याने घेतलेला, आणि सगळी नोंद शेतीची. म्हणजे कागदात खोली लिहिलेली असती, तरी ती देण्याचा अधिकार सही करणाऱ्याला होता का, हा प्रश्न उरलाच असता. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९८१ साली रजनीशांच्या अनुयायांनी सुमारे ६४,००० एकरांचं रान घेतलं आणि तिथे अख्खं शहर उभं केलं. हजारो माणसांनी धरण, धावपट्टी, घरं बांधली. ती जमीन शेतीच्या वापराची होती आणि तिथे शहर वसवणं कायदेशीर आहे की नाही, याचे खटले पहिल्यापासून चालू होते. १९८५ मध्ये नेतृत्व कोसळलं, रजनीशांना देश सोडावा लागला आणि वस्ती ओस पडली. आज तिथे एका ख्रिस्ती संघटनेची तरुणांची शिबिरं भरतात. ज्यांनी उन्हातान्हात ते शहर बांधलं, त्यांना तिथल्या मातीवर काय हक्क मिळाला?

आम्ही निघालो ते दवाखान्याचं निमित्त करून. ओळखपत्रं तिथेच राहिली, ती पोलिसांत हरवल्याची नोंद करून नव्याने काढावी लागली. कुलमुखत्यारपत्र लगेच लेखी नोटीस देऊन रद्द केलं. उशीर झाला असला, तरी उरलेली एक ठेव त्यामुळे वाचली. वकिलांनी आधी पुस्तिका मागितली, मग बँकेच्या पावत्या आणि ‘खोली तयार होतेय’ असे त्यांच्या माणसांचे निरोप. छापील वचन, भरलेली रक्कम आणि तेच वचन मिळालेली इतर घरं, हे तिन्ही एकत्र आल्यावर तक्रार ‘देणगी’ या खान्यातून ‘फसवणूक’ या खान्यात गेली. एकट्याने गेलो होतो तेव्हा ऐकून घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. म्हणून पुस्तिका, निरोप, पाकिटं, काहीही फेकू नका, आणि जी काही कागदपत्रं असतील त्यांच्या प्रती मुख्यालयाबाहेरच्या माणसाकडे ठेवा.

ज्यांचं माणूस अजून आत आहे, त्यांना एक विनंती. गुरू खरा की खोटा, हा वाद घालू नका. माझ्या बहिणीने तो घातला आणि आमचं बोलणं बंद पडलं, संस्थेला तेच हवं होतं. त्याऐवजी विचारा: सही केलेल्या कागदाची प्रत तुझ्याकडे आहे का? ओळखपत्र कुणाजवळ आहे? घराचं मुखत्यारपत्र दिलंयस का? ही चौकशी एकट्याने मुख्यालयात जाऊन मात्र करू नका. जपानमध्ये ओम शिनरिक्यो या पंथातून, मालमत्ता देण्याच्या दबावामुळे, एक वृद्ध बाई पळून गेली. तिचा ठावठिकाणा काढण्यासाठी फेब्रुवारी १९९५ मध्ये तिच्या भावाला पळवून फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कामिकुइशिकीतल्या त्यांच्या मुख्यालयात नेलं गेलं, आणि तिथे तो मेला. जायचंच असेल, तर पोलिसांत लेखी कळवून, दोघं-तिघं मिळून आणि स्वतःच्या वाहनाने जा.

आमच्या खटल्यात आता आणखी दोन कुटुंबं सामील झाली आहेत. कर्जाचे हप्ते अजून आम्हीच भरतो आहोत.