बिलावर ‘टीक फिनिश’ होतं, ‘टीक’ नव्हतं

लिहायला लाज वाटते, पण लिहितोय. मुख्य दारासाठी पैसे मोजले भरीव सागवानाचे, म्हणजे टीकचे, आणि चौकटीत बसलं पोकळ फ्लश डोअर, वरून अर्धा मिलिमीटरही जाड नसलेलं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, चिकटवलेलं. ७० टक्के आगाऊ, २५ टक्के माल पोचल्यावर. माझ्या हातात उरले ५. तेवढ्यासाठी कोणी तुमचा फोनही उचलत नाही. दार बसवून, कुलूप लावून बघेपर्यंत निदान ३० टक्के मागे ठेवा.

जेव्हा कळायला हवं होतं, तो क्षण अजून टोचतो. एकटा पोरगा दार काखेत मारून जिना चढून आला, धापसुद्धा लागली नाही त्याला. आणि मी काय म्हणालो? ‘जपून, भिंतीला लागेल.’ भिंतीला! २१०० बाय १००० मिमी, जाडी ४० मिमी. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो. म्हणजे भरीव दार ५५ किलोच्या आसपास भरायला हवं, उचलायला दोन माणसं हवीत. लाकडातलं कळतं म्हणवणाऱ्याने हा साधा गुणाकार केला नाही.

दुसऱ्यांदा तर समोर पुरावा सांडला होता. बाहेर कोण आलंय ते बघायच्या भिंगासाठी १४ मिमीचं भोक पाडत होते. सागवानाचा भुसा तपकिरी निघतो, तेलकट वास येतो. इथे फिकट चुरा पडला आणि अर्ध्यावर बिट सुळकन आत गेलं. कारागीर म्हणाला, ‘आतलं लाकूड मऊ असतं.’ मी मान डोलावली.

माझीही बाजू आहे. दाखवलेला नमुना अस्सल होता, समोर रंधा मारून दाखवला होता. पण नमुना म्हणजे माल नव्हे. पॉलिश चढायच्या आधी दार बघायला जा, आणि स्टुलावर चढून वरची कड बघा. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे दिसली पाहिजेत. चारही कडांना वेगळी पट्टी मारलेली असेल तर आत काहीही असू शकतं. कोटेशनमध्ये ‘फिनिश’, ‘लुक’, ‘शेड’ दिसलं की तो शब्द खोडून ‘भरीव’ लिहून घ्या, लाकडाचं नाव आणि जाडीही. ‘पितळी’ हँडललाही चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड. न चिकटल्याने मात्र पितळ सिद्ध होत नाही, जस्ताच्या ओतीव मालालाही चुंबक चिकटत नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणाले, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणाला, त्यांचं पत्र असल्याशिवाय अहवाल देत नाही. पत्रासाठी परत गेलो तर साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला अर्जाचा नमुनाच बदललेला. एकाने तर चष्म्यावरून बघत विचारलं, ‘दार उघडतं-मिटतं ना? मग?’ मग काय! बिलावर ‘टीक फिनिश’ लिहिलंय, म्हणजे नुसतं सागवानासारखं दिसणारं. कागदावर ते खोटं बोललेच नाहीत.

आता एकेक बाहेर येतंय. कुलुपामागे भरीव ठोकळा नाही, म्हणून स्क्रू फिरतात, पकडत नाहीत. खालच्या कडेला सीलर, म्हणजे ओलावा अडवणारा लेप, मारलाच नव्हता. ओलावा तिथून चढला आणि व्हिनियर फुगलं. वरची-खालची कड बसवण्याआधीच सील करून घ्यायची असते, नंतर दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागतं. आणि प्रवेश उठून दिसावा म्हणून मीच हौसेने दाराशेजारी २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, दिवा लावलाय, भिंतीलगत, उजेड तिरका पडेल असा. पेटवला की फुगा न् फुगा सावलीसकट दिसतो.