यूकेतला एक वर्षाचा इंटरनॅशनल बिझनेस लॉ एलएलएम : कोर्स भारी, पण कोणासाठी?

एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, तिकडे जाऊन करावी का असं बरेच जण मेसेज करून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. युनिव्हर्सिटीचं नाव देत नाहीये, उत्तर इंग्लंडमधली आहे एवढंच सांगते, आणि तसंही या कोर्सचा साचा तिकडे बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखाच असतो. 180 क्रेडिट, त्यातले साधारण 120 मॉड्यूल्सचे आणि 60 डिझर्टेशनचे (शेवटचा मोठा प्रबंध), सप्टेंबरला सुरू, पुढच्या सप्टेंबरपर्यंत खेळ खल्लास. पास व्हायला 50, मेरिट 60, डिस्टिंक्शन 70. आपल्याकडे 70 सांगितले की घरचे "बरे आहेत" म्हणतात, तिकडे 70 पडले तर खुशाल पेढे वाटा.

माझे 5 पैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार द्यायला तयार आहे, पण हा कोर्स आपल्याकडे ज्या पद्धतीने विकला जातो त्याला शून्य. सरासरी काढत बसू नका.

मी जाण्याआधी नवी मुंबईत एका एक्स्पोर्ट कंपनीच्या लीगलमध्ये होते, रोज न्हावाशेवा बंदराचे कागद, बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याची पावती), एलसी (कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी), डिस्क्रेपन्सी म्हणजे कागदांतल्या विसंगती, बँकेशी भांडण. म्हणून असेल, पण इंटरनॅशनल सेल्स हे मॉड्यूल मला सगळ्यात आवडलं. त्यात सीआयएसजी शिकवतात, म्हणजे मालविक्रीच्या करारांवरचं 1980 चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन. गंमत बघा, त्यात ना यूके आहे ना भारत. अमेरिका, चीन, जर्मनी आत, आपण दोघे बाहेर. पहिल्याच सेमिनारला कोणीतरी विचारलंच की मग शिकायचं कशाला, तर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या तुमच्या करारात 'जर्मन कायदा लागू' एवढं एक वाक्य असलं की सीआयएसजी आपोआप आत येतं कारण ते जर्मन कायद्याचाच भाग आहे, नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मी जुन्या ऑफिसमधली अशी कितीतरी कॉन्ट्रॅक्ट्स मनात चाळून आले, तसं लिहिलेलं एकही आठवेना.

मग ती शिंपल्यांची केस. न्यूझीलंडचे शिंपले, विकणारा स्विस, घेणारा जर्मन, आणि शिंपल्यांत कॅडमियम जर्मनीत सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. 1995 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की खरेदीदाराच्या देशातले असले सरकारी निकष विकणाऱ्याला माहीत असायलाच हवेत असं काही नाही, खास कारण असेल किंवा खरेदीदाराने आधी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकलं की कोकणातल्या माणसाला हापूस आठवणारच. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपने आपला आंबा बंद केला होता, तो 2015 च्या जानेवारीत परत उघडला. मी तो विषय काढला आणि तास त्यावरच गेला. माल वाटेत असताना बंदी आली तर नुकसान कोणाचं? एकाने फटकन सांगितलं, करारात एफओबी ही अट असेल तर खरेदीदाराचं, माल बोटीत चढला की धोका गेला. मॅडमनी शांतपणे विचारलं, आंबा बोटीने गेला का? एफओबी फक्त जलवाहतुकीसाठी असतं आणि आपला आंबा मुख्यतः विमानाने जातो, तेव्हा एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका गेला) वगैरे बघा. आणि जाता जाता हेही सांगून टाकते, कंटेनरच्या मालालाही आयसीसी (या अटी ठरवणारं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) एफसीएच वापरा म्हणतं, तरी आपल्याकडे सर्रास एफओबी लिहितात, कोणाला सांगायला गेलं तर "मॅडम, आमच्याकडे असंच चालतं".

एलसीचा भागही असाच, यूसीपी 600 चे, म्हणजे एलसीसाठी बँका जगभर वापरतात त्या नियमांचे, 39 आर्टिकल्स. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते, आणि तेही पाच बँकिंग दिवसांत. मी हे सगळं काम करताना शिकले होते पण तुकड्या-तुकड्यात, 'का' हे इथे कळलं.

आर्बिट्रेशनला (कोर्टाऐवजी लवादाकडून वाद सोडवणं) आमचं नशीब जोरात होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूकेचा नवा आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट मंजूर झाला आणि सरांनी आमच्यासमोरच स्लाइड्स बदलल्या. आधी तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या एन्का-चब निकालाने आर्बिट्रेशनच्या कलमाला कोणता कायदा लागायचा हा एवढा मोठा गुंता करून ठेवला होता, नव्या कायद्याने सरळ सीटचा, म्हणजे करारात लवादाचं कायदेशीर ठिकाण म्हणून ठरवलेल्या जागेचा, कायदा म्हटलं, तुम्ही वेगळं स्पष्ट लिहिलं नसेल तर. भारतातून गेलेल्यांना इथे फायदा आहे, आपला 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट इंग्लिश कायद्यातूनच आलेला, हॅडली बॅक्सेनडेल ही नुकसानभरपाईवरची जुनी इंग्लिश केस आपण फर्स्ट इयरलाच घोकलेली असते, बाकीच्या देशातली मुलं ती पहिल्यांदा वाचत होती.

डब्ल्यूटीओचं मॉड्यूल मात्र घेऊ नका असंच म्हणेन. वाद सोडवायची पद्धत शिकायची आणि शेवटी कळणार की 2019 च्या डिसेंबरपासून अपीलाची बॉडी बंदच पडलीय. शिकवणारे चांगले होते, विषयच आजारी आहे. डिझर्टेशनलाही उन्हाळ्यात कॅम्पस रिकामा, सुपरवायझर सुट्टीवर, मेलला "परत आल्यावर बघतो", त्यामुळे विषय ईस्टरच्या आधीच पक्का करा.

आता विकण्याचं. पुण्यात एका एजंटच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसलेल्या मुलीच्या बाबांना सांगत होते, एलएलएम झालं की लंडनला सॉलिसिटर, म्हणजे तिथली वकील. अहो काका, नाही हो! सॉलिसिटर व्हायला 2021 पासून एसक्यूई ही वेगळी परीक्षा आहे, पहिल्याच टप्प्यात 360 एमसीक्यू, आणि तिला एलएलएम लागतच नाही. आपली सनद असेल तर दोन वर्षं कामाच्या अनुभवाची जी अट आहे तीही लागत नाही. म्हणजे ज्याला फक्त सॉलिसिटर व्हायचंय त्याने एलएलएमची फी भरायचं कारणच नाही.

व्हिसाचं पण ऐका. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना 18 महिनेच. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसाला पगार वर्षाला साधारण 41,700 पाउंड लागतो, नवख्यांना थोडी सवलत आहे, पण तेवढा देऊन व्हिसा स्पॉन्सर करणारी फर्म शोधणं हे वेगळंच युद्ध. नवरा-बायकोला बरोबर नेणं या असल्या कोर्सवर 2024 पासून बंद. आणि परत येऊन लॉ कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर बार कौन्सिलचे 2020 चे नियम आधी वाचा, एक वर्षाचा फॉरेन एलएलएम त्यांनी आपल्या एलएलएमच्या बरोबरीचा धरलेला नाही.

मग करावा कोणी? दोन-तीन वर्षं कॉन्ट्रॅक्ट, शिपिंग, बँक, सीएस (कंपनी सेक्रेटरी), असं काहीतरी हाताखालून गेलेल्यांनी. पाच वर्षांचं लॉ संपवून थेट आलेले माझे बॅचमेट हुशार होते, माझ्यापेक्षा मार्क्सही जास्त, पण बीएल कधी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं आणि त्यामुळे त्यांना ते सगळं पाठांतरच वाटत राहिलं.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी दोन गोष्टी मेल करून विचाराच. एक, वेबसाइटवरच्या मॉड्यूल्सपैकी यंदा खरोखर कुठली चालणार, कारण यादी लांबलचक असते आणि पोरं कमी आली की मॉड्यूल रद्द होतं, माझं शिपिंग लॉ असंच गेलं. दोन, व्हिएन्नाच्या व्हिस मूटला (लॉच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशनची स्पर्धा) टीम पाठवतात का आणि त्यात एलएलएमवाल्यांना घेतात का. ती स्पर्धा ईस्टरच्या आधी असते, टीम मात्र ऑक्टोबरच्या आसपासच ठरते, त्यामुळे तिकडे पोचल्यावर थंडी-जेवणाची तक्रार करत बसण्याआधी तिथे नाव द्या.