लंडनची नुकसानभरपाईची नोंदवही: एका निवृत्त तलाठीबाईचा अभिप्राय

मी तेहतीस वर्षं तलाठी होते, बरीचशी पाटण तालुक्यात. कुठलंही दप्तर समोर आलं की मी आधी बघते मूळ कागद कोणता, नोंद कशावरून झाली आणि कुणाचं नाव राहून गेलं. गेले दोन महिने साताऱ्यात, गोडोलीच्या घरी बसून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ ही ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामगिरीच्या भरपाईच्या नोंदींची वेबसाइट मी अशीच चाळते आहे. मोफत आहे.

निमित्त झालं घरातल्या वादाचं. गुलाम म्हणून राबवलेल्यांच्या वंशजांना आज भरपाई द्यावी का, यावर बोलणं चाललं होतं. पुतण्या म्हणाला, “आत्या, देणारेही मेले, घेणारेही मेले. आता कुणी कुणाला द्यायचं?” मी म्हटलं, आधी कागद बघू.

कागद बघितले आणि दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. ब्रिटिश संसदेनं १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली होती. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के रक्कम. ती मालकांना मिळाली. राबलेल्यांना एक पेनी नाही. उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर बिनमजुरी काम करावं लागलं. या वाटपासाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे मी नोकरीत असताना तिथले करदाते ते फेडत होते. तोवर ‘फार जुनी गोष्ट’ असं कुणी म्हटलं नाही.

वेबसाइटची रचना मला आवडली. मालकाचं आडनाव टाका, मळ्याचं नाव टाका. दावा क्रमांक, वसाहत, किती माणसांबद्दल दावा, किती पौंड, शिलिंग, पेन्स मंजूर, सगळं एका पानावर. मालक कुठं राहायचा, पैसा पुढे कशात गेला, हेही बऱ्याच ठिकाणी लिहिलं आहे. लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप, याच्या सगळ्या दाव्यांची बेरीज १,०६,७६९ पौंड होते, २,५०८ माणसांबद्दल. त्याच माणसानं १८३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर मागवले. पहिल्या दोन जहाजांतून ३९६ जण तिथं पोचले. हे वाचेपर्यंत हा मामला दूरचा वाटत होता, तो आपल्या किनाऱ्याला येऊन लागला. २०२३ मध्ये ग्लॅडस्टनचे वंशज गयानात जाऊन माफी मागून आले. मालकाचे वारस सापडतात, हे त्यांनीच दाखवलं.

आता उणीव सांगते. भरपाईच्या नोंदीत मालकाचं पूर्ण नाव, पत्ता, हुद्दा. आणि राबलेल्यांचा फक्त आकडा. आमच्या सातबाऱ्यावर विहीर, झाडं लिहितात, तशी माणसं. दोष वेबसाइट करणाऱ्यांचा नाही, मूळ दप्तरच तसं आहे. नावं हवी असतील तर गुलामांच्या वेगळ्या नोंदवह्या बघाव्या लागतात, आणि तिथंही पुष्कळांना आडनाव नाही.

वारस ठरवणं अवघड आहे, हे मी मान्य करते. अशक्य आहे, हे नाही. गाव नमुना सहा-क या वारसांच्या नोंदवहीत नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत आली तर सुनावणी. हेच मी जन्मभर केलं. शिवाय प्रत्येकाच्या हातात नोटा ठेवणं एवढाच मार्ग नाही. कॅरिबियन देशांच्या संघटनेनं २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली, तिच्यात रीतसर माफी, आरोग्य, शिक्षण, कर्जमाफी आहे. अमेरिकेत इव्हॅन्स्टन शहरानं २०२१ मध्ये घरासाठी २५,००० डॉलरची योजना मंजूर केली.

अमेरिकेचं प्रकरण या वेबसाइटवर नाही, तरी सांगते, कारण ते माझ्या खात्यातलं आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनच्या हुकुमानं मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमिनीचा ताबा देण्याचं ठरलं. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सननं बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. ताबा दिला, पेरा झाला, आणि नोंद पक्की होण्याआधी उठवलं. असं उठवलं जाणं काय असतं ते मी घरात पाहिलंय. सासऱ्यांची अकरा एकर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली. पर्यायी जमिनीचा अर्ज त्यांनी केला, मग दिरांनी, आता माझा मुलगा फेऱ्या घालतो. एका कचेरीत साहेबांनी त्याला ऐकवलं, मूळ खातेदार हयात नाहीत, तुमचा काय संबंध? आमची जमीन गेली, आमची माणसं कुणी विकली नाहीत. दोन्ही दुःखं एका मापाची नाहीत. पण पुतण्याचा प्रश्न आणि त्या साहेबांचा प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो मला दोन्हीकडे चुकीचा वाटतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सगळं इंग्रजीत आहे, त्याला इलाज नाही; मी शब्दकोश शेजारी ठेवते. मोबाइलवर तक्ते नीट दिसत नाहीत, लॅपटॉप घ्या. एका मालकाचे दावे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरलेले असतात, ते सगळे उघडा. आणि बेरीज कागदावर करा: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड.