क्षत्रपांच्या नाण्याचं लॉकेट : साडेसात महिने वापरल्यावर

मंडईत मेथीची जुडी पिशवीत टाकायला वाकले आणि गळ्यातलं नाणं निसटलं. चेन जागेवर होती, चेनला लटकलेलं चांदीचं कडंही होतं, मधलं नाणं तेवढं गेलं. हे लक्षात आलं घरी पोचल्यावर, आरशासमोर. अख्खी जुडी वर्तमानपत्रावर पसरून एकेक काडी बाजूला केली, तेव्हा मुळांच्या मातीत रुतलेलं सापडलं. नाणं ते केवढं, करंगळीच्या नखाहून जेमतेम मोठं. तो अर्धा तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक.

या लॉकेटबद्दल माझं मत दोनदा बदललं आहे. ज्या क्रमाने बदललं त्याच क्रमाने लिहिते.

घेतलं गुढीपाडव्याला, ऑनलाइन. पश्चिमी क्षत्रपांचा, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या जुन्या शक राजांचा चांदीचा द्रम्म (लहान नाणं), भोवती चांदीची पट्टी, सोबत चेन, मिळून ७,२०० रुपये. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, त्यामुळे ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही. चार महिने बाजूला टाकून जमवली होती. आमच्याकडे पाडव्याला गुंजभर तरी सोनं घ्यायची रीत आहे. सोन्याचा भाव बघून यंदा ते जमणार नव्हतं, आणि नाण्याचा दागिना असावा ही हौस लहानपणापासूनची.

हौसेला कारण आजीची पुतळ्यांची माळ. पुतळी मूळची व्हेनिसच्या डुकाटवरून आलेली. तिथे हे सोन्याचं नाणं १२८४ पासून पडायला लागलं, वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध, आणि वर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. व्यापारातून ती नाणी आपल्याकडे आली, गळ्यात गेली, आणि मग आपल्या सोनारांनी तसल्याच आकृत्या पत्र्यावर उठवायला सुरुवात केली. आकृत्या म्हणून पुतळ्या. आजीच्या माळेतल्या पुतळ्या अशाच, इथल्या ठशावरच्या. ती माळ वाटणीत मोठ्या काकूंकडे गेली. पण बोटांना ती अजून आठवते, म्हणून मला नाणंच हवं होतं, आणि ते खरं हवं होतं.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. नाणं दोन ग्रॅमच्या आसपास, गळ्याला जाणवतही नाही. रोज घातलं, उन्हाळ्यात घामात, पावसाळ्यात स्कूटरवर. राजाचा चेहरा उजवीकडे पाहणारा, मोठा डोळा, मिशी, मानेवर उतरलेले केस. मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, शेजारी सूर्य, खाली नदीसारखी नागमोडी रेघ. पट्टी दोन्हीकडून उघडी असल्याने मागची बाजूही दिसते, हे मला फार आवडलं होतं. काउंटरवर गर्दी नसली की बोटाने उलटसुलट करत बसायची सवयच लागली.

एकदा मात्र थोडक्यात वाचलं. दिवाळीआधी सासूबाईंनी चांदीची भांडी घासायला काढली आणि मायेने म्हणाल्या, "अगं, ते लॉकेट काळं पडलंय बघ. दे, रांगोळीने लख्ख करते." मी धावत जाऊन त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, नंतर शेजारी बसून नीट समजावलं. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. डोळ्याच्या खोबणीत, मिशीच्या रेषेत तो बसलेला असतो म्हणून तर चेहरा उठून दिसतो. रांगोळी, चिंच, दात घासायची पेस्ट, सोनाराचं पॉलिश, यांतलं काहीही लावलं की चकाकी येते आणि चेहरा सपाट होतो. शिवाय इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकवायला गेलं तर वाकत नाही, तडकते. कोरड्या मऊ सुती कापडाने घाम टिपायचा, बस्स.

आता तक्रार. नाणं सापडल्यावर विक्रेत्याला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, वॉरंटी सहा महिन्यांची होती, दीड महिना वर झालाय." ते मान्य केलं, तारखेच्या बाबतीत मी स्वतःच कडक आहे. पैसे किती लागतील विचारलं तर म्हणाले, "लॉकेट आमच्याकडे पाठवा, पॉलिश करून देऊ. नाहीतर दुसरं पीस घेऊन टाका, सेमच असतं."

सेम कसं असेल? ही नाणी हाताने ठोकलेली. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती आणि घणाचा घाव. घाव जरा इकडे पडला की डोंगर काठाबाहेर, जरा तिकडे पडला की राजाचं नाक कापलेलं. विकणाऱ्यालाच एवढं कळत नसेल तर तो नेमकं काय विकतो आहे? त्या दिवशी मी या लॉकेटला पाचपैकी एक तारा देणार होते.

रात्री भाच्याला फोटो पाठवले. तो पुण्याला इतिहासात एम.ए. करतोय, ब्राह्मी ही जुनी लिपी वाचतो. नाणं पट्टीतून मोकळं झाल्यावर पहिल्यांदाच त्याचा खरा काठ दिसत होता. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, "मावशी, आधीच्या फोटोत हे नव्हतं. राजाच्या डोक्यामागे बघ. साल आहे."

साडेसात महिने मी ते नाणं रोज गळ्यात घालत होते आणि त्याचं साल चांदीच्या पट्टीखाली दाबलेलं होतं.

क्षत्रपांच्या नाण्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच की दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती साल सांगतात. त्या काळातल्या आपल्याकडच्या नाण्यांमध्ये हे विरळा आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर राजाचं नाव मिळतं, साल मिळत नाही. क्षत्रपांनी राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी आकड्यांत साल घातलं. आकडे आजच्यासारखे स्थानावर चालत नाहीत. शंभराची खूण वेगळी, नव्वदाची वेगळी, एककाची वेगळी, एकाखाली एक. माझ्या नाण्यावर शंभर आणि नव्वद स्वच्छ आहेत. तिसरा आकडा काठाबाहेर गेलाय, तो ठोकतानाच गेला, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे शके १९० ते १९९ मधलं कुठलंतरी साल, इसवी सन २६८ ते २७७.

आणि हे शके म्हणजे आपलंच शके. इसवी सन ७८ पासून मोजलेलं, पंचांगावर असतं तेच. आपण त्याला शालिवाहन शक म्हणतो, पण शालिवाहनाचं नाव त्याला पुष्कळ शतकांनी जोडलं गेलं. आधी ते अखंड चालवलं, नाण्यांवर कोरलं, ते या शक क्षत्रपांनी, सातवाहनांच्या वैऱ्यांनी. मी ज्या पाडव्याला हे लॉकेट घेतलं त्या दिवशी शके १९४७ लागलं. गळ्यातलं नाणं १९० च्या पुढचं. मोजणी एकच आहे. हे कळलं त्या रात्री मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून नाण्याशेजारी ठेवलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

सोबतच्या प्रमाणपत्रावर काय छापलंय? "रुद्रसेन, अंदाजे २,००० वर्षे जुने." अंदाजे कशाला? नाण्यावर साल असताना? वजाबाकी केली की साडेसतराशे वर्षं येतात. अडीचशे वर्षं फुकट वाढवून दिलीत. आणि रुद्रसेन कोणता? या घराण्यात रुद्रसेन एकाहून जास्त झाले. कोणता ते ओळखायला मागच्या बाजूला डोंगराभोवती गोल लिहिलेलं वाचावं लागतं, कारण क्षत्रप आपल्या नावासोबत बापाचं नावही घालतात. माझ्यावर आहे, "राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस". वीरदामनाचा मुलगा, म्हणजे दुसरा रुद्रसेन. बाप नुसता क्षत्रप, मुलगा त्याहून वरचा महाक्षत्रप, हेही त्यातच लिहिलेलं. पट्टीने त्या अक्षरांचे माथे दोन्हीकडून खाल्ले होते. साल दाबलं, बापाचं नाव दाबलं, चेहरा तेवढा दाखवला. आमच्या काउंटरवर तारीख नसलेला धनादेश कुणी दिला तर मी तो तसाच परत देते. इथे तर तारीख असून ती झाकून माल विकला.

हा विषय मला इतका का लागला त्याचं आणखी एक कारण आहे. भाच्याने मग नाशिकच्या लेण्याबद्दल सांगितलं. आधीच्या क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात. पांडवलेण्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात त्याने कोरून ठेवलंय की नाशिकजवळच्या गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळाभर राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मी कॅल्क्युलेटर घेतला नाही, तोंडी केलं. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. डोळ्यांत पाणीच आलं. हेच काम मी रोज करते.

त्याच नहपानाचं घराणं गौतमीपुत्र सातकर्णीने संपवलं, आणि त्याची नाणी गोळा करून त्यांच्यावर स्वतःचे ठसे मारले. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यात ९,००० हून जास्त नाणी अशी दुबार ठोकलेली. माझं नाणं त्यानंतर दीडशे वर्षांनी पडलेलं, क्षत्रपांच्याच पण चष्टन नावाच्या राजाच्या वेगळ्या घराण्यातलं.

हे सगळं कळल्यावर माझा राग गेला नाही, पण त्याची जागा बदलली. नाणं खरं निघालं, ही फार मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी मोती चौकाकडे आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेले. त्यांनी काट्यावर टाकलं, २.१ ग्रॅम. भिंगाखाली काठ फिरवून बघितला आणि म्हणाले, "ताई, एक सांगतो. त्यांनी पट्टी पातळ लावली हे खरं, म्हणून ती उघडली. पण नाण्याला डाख दिलेला नाही, भोक नाही, गोंद नाही. नाणं जसं होतं तसंच आहे." मग माझ्याकडून मान्य करायला हवं, ती एक गोष्ट विक्रेत्याने नीट केली होती. जुन्या नाण्याला डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, कडी जोडली की उष्णतेने ते कायमचं बिघडतं. एक ताऱ्यावरून मी तीनवर आले ते यासाठी.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं शिवराईचं लॉकेटही त्याच दिवशी काकांना दाखवलं. साताऱ्यात शिवराई म्हटलं की हात आपोआप पुढे जातो, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति. तिच्या नाण्याच्या काठावर सगळीकडून एक बारीक शिवण होती आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल. साच्यात ओतलेलं निघालं. बिचारीने देवापुढे ठेवूनच घातलं होतं. घेताना काठ बघा, काठ झाकलेला असेल तर उघडा फोटो मागा. पक्कं बिल आणि नाणं कुठून आलं तेही मागा. शेतात सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. "शेतात मिळालं" एवढं उत्तर मिळालं तर घेऊ नका. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्या नणंदेने अमेरिकेत एक मागितलं होतं, तिला नाही कळवलं.

काकांना मी एकच अट घातली, साल दिसलं पाहिजे. त्यांनी जाड तारेचं कडं केलं, नाण्यापेक्षा किंचित मोठं, आणि आतून चार नख्या काढल्या. कुठे काढायच्या ते भिंगातून बघून मी बोटाने दाखवलं. हनुवटीखाली एक, कपाळावर एक, मागच्या दोन अशा की शंभर आणि नव्वद मधे मोकळे राहतील. मागे फिरवलं तर एक नखी वीरदामच्या "म"वर येत होती. काकांनी काही न बोलता ती कापून पुन्हा बसवली. डाख सगळा कड्यालाच, नाणं शेवटी थंड झाल्यावर बसवलं. मजुरी आणि चांदी मिळून १,१५० रुपये. जुन्या पट्टीची चांदी त्यांनी वजनात धरली.

विक्रेत्याला मी प्रमाणपत्र दुरुस्त करून मागितलंय. दुसरा रुद्रसेन, वीरदामनाचा मुलगा, शके १९० ते १९९. तीन ईमेल झाले, उत्तर एकाचंही नाही. तोवर मीच एका कार्डावर हे लिहून, खाली आजची तारीख घालून डबीत ठेवलंय.