घोडा घेताना खुराचं तेल आधी पुसा

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून माथेरानला घोडे आहेत. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात आणि तिथून पुढे आमचं पोट घोड्यांच्या पायांवर चालतं. इतकी वर्षं घोड्यांत काढूनही गेल्या डिसेंबरात मी १,१५,००० रुपये रोख मोजून आजारी घोडी घरी आणली. आता पुन्हा मार्गशीर्ष जवळ आलाय, खरेदी-विक्रीचे फोन सुरू झालेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजाराला, जायचं ठरलं होतं, पण आई आजारी पडली आणि यात्रा चुकली. आठवड्याने एका दलालाचा फोन आला. यात्रेतून परत आणलेली कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडी आहे, सहा वर्षांची, रवाल म्हणजे धक्के न देणारी चाल, अंगावर लहान पोर सोडलं तरी चालेल, मालकाला पैशांची नड आहे. एवढ्या मोठ्या यात्रेत ती का विकली गेली नाही, हे मी विचारलंच नाही.

व्यापाऱ्याच्या तबेल्यावर गेलो तर घोडी खरोखर देखणी. दात पाहिले, डोळे पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले. खूर काळेभोर चकाकत होते, नाल कोरे, खिळ्यांची टोकंही ताजी. त्याने तिला भिजवलेल्या मऊ मातीवर सरळ रेषेत पळवून दाखवलं. चाल एकदम सुरेख. पुढचा पाय उचलायला गेलो तर तिने अंग माझ्यावर टाकलं आणि पाय लगेच खाली ओढला. व्यापारी म्हणाला, "भाऊ, सकाळीच नाल मारलेत, पाय देऊन देऊन कंटाळलीय ती." मला ते पटलं. खरी गोष्ट अशी होती की एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर येत होता.

टेम्पोने दस्तुरीला आणली, तिथून चालवत घरी. वाटेत दोनदा अडखळली. तिसऱ्या दिवशी पहाटे चंदी (घोड्याचं धान्य) घेऊन गेलो तर घोडी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, नाकपुड्या फुललेल्या. वळवायला गेलो तर पुढचे पाय न उचलता मागच्या पायांवरच अंग फिरवायला लागली. वडिलांनी खुराला हात लावला आणि म्हणाले, "तापलाय रे."

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, प्रवासाचा शीण आहे, खुरात खडा रुतून पू झाला असेल, माझा माणूस पाठवतो. खूर सडणं आम्हाला पाठ आहे. पावसाळ्यात खुराच्या तळाच्या त्रिकोणी मऊ भागाच्या फटींतून काळा, घाण वासाचा चिकटा येतो. तो साफ करायचा, मोरचुदाचं पाणी लावायचं, जागा कोरडी ठेवायची. पूही पाहिलाय. पण पू झाला की बहुतेक वेळा एकच पाय धरतो. इथे पुढचे दोन्ही पाय एकदम धरले होते आणि खुरांना कसलाही वास नव्हता. तेव्हाच मी त्या माणसाला नको म्हणायला हवं होतं.

तो आला. त्याने तळवा रक्त येईपर्यंत खरवडला, गरम तेल ओतलं, वर कसलीशी काळी पूड भरली. म्हणाला, अशक्तपणा आहे, गूळ-चणे द्या आणि रोज अर्धा तास चालवा म्हणजे पू बाहेर पडेल. त्याचे ४,५०० आणि पुडीचे ३,०००. बारा दिवस आम्ही तो सांगेल ते केलं. गूळ चारला, चालवलं. तेराव्या दिवशी घोडी आडवी झाली ती उठेना.

मग पशुवैद्यांना बोलावलं. डॉक्टरांनी आधी साबणाचं पाणी आणि ब्रश मागितला. पाच मिनिटं घासल्यावर काळा रंग उतरला आणि खालचा खूर दिसला. समोरच्या बाजूने कानशीने तासून गुळगुळीत केलेला, पण टाचेकडे कानस पोचली नव्हती. तिथे आडव्या कड्या उठलेल्या होत्या. समोर त्या एकमेकींना चिकटून, टाचेकडे पंख्यासारख्या पसरलेल्या. डॉक्टरांनी केसांच्या कडेपासून सर्वांत ठळक कडीपर्यंत टेप लावली. पाच सेंटिमीटर भरले. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. म्हणजे हे दुखणं पाच-सहा महिन्यांचं होतं, माझ्याकडे यायच्या कितीतरी आधीचं.

या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. खूर कडक, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते आणि वेदना भयंकर होतात. पापुद्र्यांची पकड सुटली की हाडाचं टोक तळव्याकडे वळतं. जादा धान्य, गूळ, हिरवं लुसलुशीत गवत, व्यायल्यावर वार अडकणं, अंगावरची जास्त चरबी, यातल्या कशानेही हा होतो. एक्स-रेमध्ये हाड वळलेलं स्पष्ट दिसलं. तळवा आधीच पातळ होता आणि आम्ही तो पैसे देऊन आणखी खरवडून घेतला. जो गूळ अजिबात द्यायचा नसतो, तो मी स्वतःच्या हाताने चारला. याचं मला आजही वाईट वाटतं.

व्यापाऱ्याकडची ती सुरेख चाल बहुधा वेदनाशामक इंजेक्शनची होती. त्याचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून घोडा एकाच भेटीत घेऊ नका. न सांगता दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा. खुराचं तेल, पॉलिश पुसायला लावा. घोडा मऊ मातीवर नाही, डांबरावर किंवा फरशीवर चालवून बघा आणि दोन्ही बाजूंना लहान गोल वळवा. चारही पाय एकेक करून उचला आणि अर्धा मिनिट धरा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोट ठेवा. निरोगी घोड्याची नाडी तिथे शोधावी लागते, आमच्या घोडीची बोटावर ठोके मारत होती. आणि स्वतःचा डॉक्टर सोबत न्या, व्यापाऱ्याने सुचवलेला नको. पैसे बँकेतून द्या. घोडा निरोगी असल्याचं कागदावर लिहून घ्या. मी रोख दिले, कागद केला नाही, आणि व्यापाऱ्याच्या "इथून धडधाकट गेली" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपचार लांबले. नाल काढले, लाकडाच्या भुशाची जाड गादी केली, तळव्याला फोम बांधला. चंदी बंद. वाळलेलं गवत तासभर पाण्यात भिजवून, निथळून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर कमी होते. दर चार-पाच आठवड्यांनी टाच थोडी थोडी तासायची. दुखण्याची औषधं फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, कारण जास्त झाली की पोटात व्रण पडतात. बर्फाच्या पाण्यात पाय ठेवण्याचा उपयोग अगदी सुरुवातीला होतो. आमची ती वेळ काळ्या पुडीत गेली.

आज वरून नवा खूर सात सेंटिमीटर सरळ उतरलाय. घोडी चालते, आपणहून वळते, सकाळी मला बघून खिंकाळते. पर्यटक तिच्यावर बसणार नाही, ते आम्ही ठरवलंय.

परवा पाचगणीहून एका घोडेवाल्याचा फोन आला. त्याच व्यापाऱ्याकडे एक अबलख, म्हणजे दोन रंगांचे पट्टे असलेला, घोडा पाहून आला होता. मी म्हटलं, आधी साबणाच्या पाण्याने खूर धुऊन बघ. तो दुसऱ्या दिवशी बादली घेऊन गेला. व्यापाऱ्याने घोड्याला हात लावू दिला नाही.