रेनवॉटर हार्वेस्टिंगवाल्यांचा रिव्ह्यू: पाचपैकी साडेतीन, आणि त्यातला एक प्लंबरमामांचा

एजन्सीचं नाव लिहिणार नाहीये, कारण शेवटचा चेक अजून कमिटीकडेच अडकलाय आणि तसंही मी जे लिहितेय ते पुण्यातल्या निम्म्या रेनवॉटरवाल्यांना लागू पडेल. कॉमेंटमध्ये नाव विचारू नका.

आमची सोसायटी बावधनला, उतारावर, खाली राम नदी. बिल्डिंग जुनी, उन्हाळ्यात रोजचे दोन टँकर आणि पावसाळ्यात गेटसमोर घोट्याच्या वर पाणी, म्हणजे एकाच सोसायटीत दुष्काळही आमचा आणि पूरही आमचाच. एजीएममध्ये दरवर्षी तोच विषय, शेवटी यंदा ठराव झाला आणि तीन कोटेशन मागवली, त्यातलं मधलं घेतलं (मधलं घेणं हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे).

त्यांचा सेल्सवाला मुलगा चुणचुणीत, लॅपटॉप घेऊन आला, हिरवे निळे बाण वगैरे दाखवले आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, पुढच्या उन्हाळ्यापासून तुमचे टँकर बंद." इथेच मी अर्धा स्टार कापलाय. हिशेब अगदी सोपा आहे हो, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची सहा हजार स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस मीटर. पुण्यात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास धरा. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलेलं असं सगळं वजा केलं की हातात येतं तीन लाख लिटर. ऐकायला जोरदार आकडा आहे, पण दहा हजार लिटरचे ते तीस टँकर झाले. दिवसाला दोन या हिशेबाने पंधरा दिवस! त्यातही ते पाणी जमिनीत सोडलं की ते आपल्याच प्लॉटखाली हात जोडून उभं राहत नाही, शेजारच्याच्या बोअरलाही जातं. सेल्सवाल्याला हे विचारलं तर तो म्हणाला मॅडम तुम्ही इंजिनिअर आहात का. नाही, मी अकाउंट्समध्ये आहे.

मग एवढा खर्च कशाला करायचा, असं कमिटीतल्या काकांनी विचारलंच, आणि प्रश्न रास्त होता. माझं म्हणणं एवढंच होतं की टँकर विसरा, गेटसमोरचं पाणी बघा. ते पाणी आभाळातून गेटसमोर पडत नाही, आपण ते गोळा करून तिथे नेऊन ओततो. गच्चीवरून पाइपने खाली, पार्किंगच्या कोब्यावरून गेटकडे, गेटवरून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यात आणि नाल्यातून राम नदीत, सगळं दहा मिनिटांत. आमच्या वरच्या अंगाच्या सोसायट्याही तेच करतात, खालच्याही तेच. राम नदी खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळते, सगळी मिळून वीस किलोमीटरचीही नाही, तिला एवढं पाणी एवढ्या कमी वेळात झेपणार कसं? २०१० च्या ऑक्टोबरमधला पाऊस इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. आणि २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने जे केलं ते तर अख्ख्या पुण्याने बघितलं, ते काही धरणातून सोडलेलं पाणी नव्हतं, कात्रजकडून उतारावरचं पावसाचं पाणी एकदम खाली आलं, माणसं गेली. त्यानंतर ठिकठिकाणी ओढ्याच्या कडेने भिंती उभ्या राहिल्या. भिंतीने पाणी कमी होत नाही, फक्त पुढच्या वस्तीपर्यंत जोरात जातं, असं माझं मत. राम नदीसाठी गेली काही वर्षं लोक मनापासून काम करतायत, कचरा काढतायत, बावधनचा जिवंत झरा वाचवण्यासाठी भांडतायत, पण वरून प्रत्येक प्लॉट जर पाणी असं ढकलत राहिला तर नदीत उतरून केलेलं काम पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं. काकांना हे पटलं की मी जास्त वेळ बोलले म्हणून कंटाळले माहीत नाही, पण सही केली.

आता कामाबद्दल. यांचं पहिलं डिझाइन म्हणजे गेटजवळ एक शोषखड्डा, दोन बाय दोन बाय दोन मीटर, खडी भरलेला, बस. दिसायला भला मोठा खड्डा, पण खडी भरल्यावर आत रिकामी जागा उरते जेमतेम तीन हजार लिटरची. आपल्याकडे वळीव येतो तेव्हा तासाला पन्नास मिलिमीटर सहज पडतो, म्हणजे एकट्या आमच्या गच्चीवरून मिनिटाला साडेचारशे लिटर. खड्डा सात मिनिटांत फुल, आणि खाली मुरूम किती पितो त्यावर पुढचं सगळं. काळा पाषाण लागला तर काहीच पीत नाही. असा खड्डा फक्त सर्टिफिकेटसाठी असतो. हे बोलून दाखवल्यावर मात्र त्यांचा साइट इंजिनिअर आला, आणि तो माणूस खरंच कामाचा निघाला, त्याने वाद न घालता डिझाइन बदललं. यासाठी पूर्ण मार्क.

त्याने काय केलं, तर आमचा बंद पडलेला बोअर आधी तपासला. तपासायची पद्धत अशी की बोअरमध्ये एक अख्खा टँकर ओतायचा आणि पाणी किती वेळात उतरतं ते बघायचं. भर मे महिन्यात विकतचा टँकर जमिनीत ओतताना बघून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, "अगं डोकं फिरलंय का तुमचं, बादल्या भरून तरी घ्या!" पण टेस्ट महत्त्वाची आहे, कोणी ती न करता बोअर रिचार्जचं (म्हणजे बोअरमधून पावसाचं पाणी जमिनीत सोडायचं) कोटेशन देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आमच्या बोअरने पाणी बऱ्यापैकी घेतलं, म्हणजे वरच्या झिजलेल्या, भेगा पडलेल्या खडकातून वाट आहे. मग गच्चीचं पाणी फिल्टरमधून बोअरला, आणि जास्तीचं शोषखड्ड्याला, आणि त्याच्याही पुढचं मागच्या जुन्या अंडरग्राउंड टाकीत, जी बिल्डरने बांधून ठेवली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यात मोडक्या कुंड्या पडल्या होत्या.

टाकीवरून अजूनही भांडण चालू आहे. लोकांचं म्हणणं टाकी भरलेली ठेवा, बागेला आणि गाड्या धुवायला पाणी. माझं आणि इंजिनिअरचं म्हणणं, जून ते सप्टेंबर टाकी शक्यतो रिकामी ठेवा, कारण भरलेल्या टाकीत पुढचा जोराचा पाऊस मावणार कुठे? सध्या तडजोड अशी की अर्धी भरली की वॉचमनदादा पंप लावून बागेला सोडतात.

प्लंबरमामांचा किस्सा सांगायलाच हवा. त्यांनी गच्चीवरून एकेका पाइपात बादलीभर रंगीत पाणी, रांगोळीचा गुलाबी रंग कालवून, सोडलं आणि खाली सगळी चेंबरची झाकणं उघडून बसले. चार पाइपांचं गुलाबी पाणी कुठे निघालं, तर संडासाच्या ड्रेनेज चेंबरमध्ये! म्हणजे पावसाळ्यात आमचे तळमजल्याचे चेंबर उफाळायचे आणि आम्ही महापालिकेच्या लाइनला शिव्या घालायचो, ते पाणी आमच्याच गच्चीचं. मामा शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "ताई, निम्म्या पुण्यात असंच जोडलंय, बिल्डरचा पाइप वाचतो ना." हे काम कोटेशनमध्ये नव्हतं, तरी मामांनी चारही पाइप सोडवून दिले, फक्त मटेरियलचे पैसे घेतले. तुम्ही एजन्सी लावा किंवा नका लावू, ही गुलाबी पाण्याची टेस्ट फुकटात होते, करून बघा.

पार्किंगचं सांगायचं तर पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुरतं हा मोठा गैरसमज आहे. आमच्याकडे पेव्हर उचलले तर खाली सिमेंटचा कोबा, पाणी जाणार कुठून? एका बाजूची पट्टी उखडून खाली खडी आणि वर भोकाचे ग्रास पेव्हर बसवले, बाकी पैशाअभावी राहिलं. पार्किंगचं पाणी बोअरला मात्र अजिबात जोडू देऊ नका, ऑइल आणि टायरची घाण थेट भूजलात जाते. सेल्सवाल्याच्या पहिल्या डिझाइनमध्ये ते जोडलेलं होतं, इंजिनिअरने काढलं.

आणि बाग. आपल्या सगळ्या सोसायट्यांमध्ये बाग रस्त्यापेक्षा फूटभर उंच असते, कठडा बांधून, छान लाल माती भरून. मग पाऊस पडला की बागेचीच माती वाहून पार्किंगमध्ये येते. इंजिनिअरच्या सांगण्यावरून एक वाफा रस्त्यापेक्षा खोल केला, कठड्याला खाचा पाडल्या, त्यात कर्दळ आणि अळू लावलं. खर्च सगळ्यात कमी आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी हाच. डासांची ओरड झाली, पण डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, आणि आमच्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी दिसत नाही. अळूची फतफतं तीन घरांत झालीत, तेव्हापासून ओरड जरा कमी आहे.

जूनचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्ही चारपाच जण छत्र्या घेऊन खाली. फिल्टरचा काळा डबा आधी खडखडला, मग घुमायला लागला, बोअरच्या केसिंगमध्ये कान दिला तर खोल कुठेतरी पाणी कोसळल्याचा आवाज. गेटसमोर पाणी आलं, नाही असं नाही, पण पावलं भिजतील इतकंच आणि पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात गेलं. चेंबर उफाळला नाही. तळमजल्याच्या काकू पेढे वाटायला निघाल्या होत्या, त्यांना अडवलं, म्हटलं सप्टेंबर जाऊ दे.

आता तक्रारी. कामाला उशीर, तो धरूनच चालायचं. खड्ड्याभोवतीचं जिओटेक्स्टाइल कापड कोटेशनमध्ये होतं, प्रत्यक्षात अर्ध्याच भिंतीला लावलेलं मिळालं, आम्ही फोटो काढले म्हणून पुन्हा उघडून लावलं. ते नसेल तर माती खडीत शिरते आणि दोनतीन पावसाळ्यांत खड्डा मुका होतो, तेव्हा खड्डा भरताना कमिटीतलं कोणीतरी उभं राहाच. फिल्टरची जाळी कशी काढायची हे कोणालाच शिकवलं नव्हतं, ऐन पावसात पिंपळाची पानं अडकून पाणी उलटं गच्चीवर तुंबलं, वॉचमनदादांनी फोनवर व्हिडिओ बघून साफ केलं. आणि कागदपत्रं! महापालिकेत रेनवॉटर, सोलर, गांडूळखत यातलं एक चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत आहे, त्यासाठी लागणारा ड्रॉइंग आणि फोटोंचा सेट यांनी द्यायचा असं लेखी ठरलंय, तो अजून आलेला नाही. चेक अडकलाय तो यासाठीच.

खर्च दोन लाखांच्या आतबाहेर झाला. एएमसीचं (वर्षभराच्या देखभालीचं) जे कोटेशन दिलंय ते घेऊ नका असं मी कमिटीला सांगितलंय. मेमध्ये गच्ची झाडायची, जाळी धुवायची, पहिल्या दोन पावसांचं पाणी फिल्टरला न सोडता बाहेर काढायचं, वाफ्यातला गाळ खरवडायचा, याला कंपनी कशाला हवी? मामांचा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून ठेवलाय.