फॉस्टर केअर की दत्तक?

दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं: आडनाव, वारसाहक्क, सगळं. नोंदणी ‘कारा’च्या (दत्तकाचं काम पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) पोर्टलवर, आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. फॉस्टर केअरमध्ये मूल तात्पुरतं तुमच्या घरी राहतं, पण कायद्याने तुमचं होत नाही. त्याचीही नोंदणी पोर्टलवर होते, पुढची तपासणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. गृहभेटीनंतर बाल कल्याण समिती मूल सोपवते. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित व्यक्तीही पात्र आहेत आणि 2 वर्षांनी त्याच मुलाला दत्तक घेण्याचा मार्ग खुला होऊ शकतो.

नेमकं इथेच बिनसतं. दत्तकाची रांग टाळायला लोक फॉस्टरकडे वळतात. मग जन्मदात्या आईची भेट ठरली की घरात तणाव, आणि मूल असुरक्षित वाटून उशीखाली बिस्किटं लपवू लागतं. मूल त्याच्या जन्मदात्या कुटुंबात परतलं तर ज्यांना आनंद वाटेल, त्यांनीच फॉस्टर व्हावं. बाकीच्यांनी दत्तकाच्या रांगेतच थांबावं.